उलट्या विमानाची नळी

तीर्थस्वरूप वन्सं,

तुमच्या भावजयीचा तुमच्या दोन्ही पायांना नमस्कार, त्यातल्या उजव्याला थोडा जास्त, कारण गुडघा त्याचा दुखतो आहे. तो आता जिना उतरू देतो हे वाचून जिवाला बरे वाटले. चढूही देईल, फक्त त्याला घाई करू नका. तुमच्याकडच्यांचा खोकला मात्र तुम्ही एका ओळीत उरकलात, तेव्हा तो बरा झाला की तुम्ही त्याला कंटाळलात हे काही कळले नाही. कळवावे. इकडे देवाच्या कृपेने आम्ही तिघेही खुशाल आहोत, आणि ज्याच्यामुळे तुम्हाला आमच्या खुशालीची शंका येते ते विमानही मागच्या शेडमध्ये खुशाल आहे.

पत्रात तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात आणि एक बजावलीत. पहिली, तुमचे बंधू वेळेवर जेवतात का. जेवतात, पण ताट शेडमध्ये न्यावे लागते, आणि भाजीत धातूचा कीस पडला तर तो काढून ठेवतात, टाकत नाहीत (त्याचा त्यांना उपयोग असतो). दुसरी, आईंची तब्येत. सासूबाई ठणठणीत आहेत. त्यांच्या कंबरेला घरातली एकही खुर्ची मानवत नव्हती हे तुम्हाला माहीतच आहे. आता मानवते. विमानातल्या पुढच्या जागेला यांनी पाठीच्या आकाराची गादी शिवून घेतली आहे, तिच्यात बसून सासूबाई रोज सकाळी तासभर जप करतात. मागे एकदा त्यांनी हौसेने पाचही पट्टे लावून घेतले आणि ते सोडवायचे कसे हे जप संपल्यावर त्यांच्या ध्यानात आले. मी बाजारात, हे अंघोळीला. पण त्या घाबरल्या नाहीत, आणखी एक माळ ओढली. मी आले तेव्हा म्हणाल्या, "सूनबाई, हे बरं आहे, उठून जाता येत नाही तर मनही जात नाही."

तिसरी गोष्ट तुम्ही मला बजावलीत, की विमान उलटे व्हायची वेळ आली की मी किल्ली लपवावी, चाकांपुढे आडवी पडावी, पण तुमच्या भावाला डोके खाली पाय वर असे आकाशात जाऊ देऊ नये. वन्सं, तुमचा शब्द मी आजवर कधी खाली पडू दिलेला नाही. पण यात मध्ये एक नळी आली, आणि त्या नळीमुळे काय काय घडले ते सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. चहा घेऊन बसा.

विमान तयार आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. सात वर्षे हे ते बांधत होते. डावा पंख तीन वर्षे आमच्या जिन्याखाली होता, उजवा तुमच्या माहेरपणाच्या खोलीत (तुम्ही आलात तेव्हा तो पलंगामागे चादर घालून उभा केला होता, तुम्हाला ते कपाट वाटले आणि तुम्ही त्यावर टॉवेल वाळत घातलात, आम्ही काही बोललो नाही). आता दोन्ही पंख जागेवर आहेत. इंजिन फिरते. तपासनीस येऊन कागदावर शिक्का मारून गेले. राहिली होती एक नळी, टाकीच्या आत सोडायची, हातभर लांबीची. हातभर नळीसाठी माणूस किती अडून राहील? तर तीन महिने.

ती कशाला लागते ते मी यांच्याकडून चार वेळा ऐकले आणि चौथ्या वेळी समजले, म्हणून तुम्हाला एकदाच सांगते. साध्या विमानात टाकीच्या तळाशी भोक असते, तिथून पेट्रोल इंजिनाकडे जाते. पण हे विमान कसरतीचे. ते उलटे झाले की टाकीही उलटी, आणि पेट्रोल सगळे छताला जाऊन बसते. तळाच्या भोकातून मग इंजिनाला नुसती हवा. हवेवर योगी राहतात, इंजिन राहत नाही. म्हणून टाकीच्या आत एक मऊ नळी मोकळी सोडायची आणि तिच्या टोकाला भोके पाडलेले पितळी वजन लावायचे. पेट्रोल जिकडे पडेल तिकडे वजनही पडते आणि नळीला ओढून नेते. तेव्हा सगळा भार त्या नळीच्या मऊपणावर. ती ताठली तर वजन एका जागी लोंबत राहणार, पेट्रोल दुसऱ्या जागी, आणि तुमचे बंधू तिसऱ्या.

आता नळी निवडणे म्हणजे यांच्या हातचा मळ असायला हवा. सव्वीस वर्षे पाणीपुरवठा खात्यात काढली, अख्ख्या गावाच्या नळ्या यांच्या सहीने जमिनीत गेल्या. पण बहुधा त्यामुळेच घोटाळा झाला. एके दिवशी बाजारातून तीन नळ्यांचे तुकडे घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर मांडले. पहिली, वरून स्टीलच्या तारांची जाळी विणलेली. दिसायला अशी देखणी की गळ्यात घालावी. पण वाकायला तयार नाही, वरच्या साहेबासारखी. दुसरी काळी रबरी. ती वाकायची, पण दुकानात वेटोळे करून ठेवलेली असल्यामुळे सोडली की आपोआप पुन्हा वेटोळ्यात जायची. तिसरी पारदर्शक, पिवळसर, इतकी मऊ की बोटावर ठेवली तर दोन्हीकडून लोंबायची. हिच्यावर यांचे मन बसले. "लोणी आहे लोणी," म्हणाले, आणि मला तीनतीनदा हात लावून बघायला लावले.

मी हात लावला आणि विचारले, "पेट्रोलात अशीच राहील का?" तर म्हणे दुकानदाराने सांगितले आहे, हिच्यातून दिवसभर पेट्रोल वाहिले तरी काही होत नाही. मी म्हटले, "अहो, हिच्यातून वाहील ते आतून. पण तुम्ही तर ती टाकीत बुडवणार. बाहेरून भिजेल त्याचे काय?" वन्सं, मी मॅट्रिकला विज्ञानात काठावर पास झालेली. पण हे नळी पुन्हा बोटावर ठेवून बघू लागले. पाण्याची नळी बाहेरून भिजली काय, न भिजली काय, सव्वीस वर्षांत असा प्रश्न फायलीवर आलाच नसेल.

तुम्हाला माझी सवय माहीत आहे. नवा रंगीत कपडा आणला की त्याचे टोक मी आधी वाटीत भिजत घालते. रंग सोडत नाही असे दिसले तरच तो बाकीच्या कपड्यांत जातो. (तुमच्या लाल शालीच्या वेळी ती मी भिजवू नये असे तुम्ही म्हणाला होतात, आणि त्यानंतर तुमच्या यजमानांचे शर्ट वर्षभर गुलाबी होते. त्याबद्दल मी तेव्हाही काही बोलले नाही.) तेव्हा मी जाड काचेच्या तीन बरण्या काढल्या, चुलीपासून लांब, शेडच्या पार टोकाला फळीवर ठेवल्या, प्रत्येकीत एक तुकडा आणि वर पेट्रोल, झाकण घट्ट. घरखर्चाच्या वहीची मागची पाने कोरी होती, तिथे तीन रकाने पाडले. दर दिवशी जप झाला की तुकडे काढायचे, एक टोक टेबलाच्या कडेवर जाड पुस्तकाखाली दाबायचे, दुसऱ्याला तराजूतले शंभर ग्रॅमचे माप बांधायचे आणि ते किती इंच खाली जाते ते टेपने मोजून लिहायचे. जाळीवाली: दीड. रबरी: पाच. पारदर्शक: आठ. हे पहिल्या दिवसाचे.

इथे मला घाई लावणारी एक गोष्ट सांगायला हवी. यांना उलटे उडायला शिकवणारे एक म्हातारे वैमानिक आहेत, आम्ही त्यांना उलटेमास्तर म्हणतो (तेही स्वतःला तेच म्हणतात). घरी बांधलेले विमान पहिल्यांदा उलटे करून बघायला या भागात त्यांच्याशिवाय कोणी तयार होत नाही, आणि ते महिनाअखेर मुलीकडे जाणार, ते थंडी संपल्यावर परत. तोवर यांचा उडण्यासाठी लागणारा डोळ्यांचा दाखला संपतो. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी शेवटच्या दोन ओळी यांना तीनदा वाचायला लावल्या होत्या. पुढचा दाखला मिळेल असे हे तोंडाने म्हणतात. पण मी यांच्याबरोबर एकतीस वर्षे राहते आहे, म्हणताना कुठे बघतात ते मला दिसते. सात वर्षे बांधलेले विमान उलटे न होता राहिले तर ते त्यांच्या दृष्टीने नुसते पंख लावलेले बाकडे.

आणि याच वेळी माझ्या हातून चूक झाली. ती लपवणार नाही. नवव्या दिवशी मी फळी पुसायला गेले तर तिन्ही बरण्यांत, रोज झाकण उघडल्यामुळे, पेट्रोल उडून उडून तिसरा हिस्सा राहिलेले. माझ्या डोळ्यांना ते बघवेना. तीन बरण्या अडवून ठेवायच्या आणि तिन्ही अर्ध्यामुर्ध्या? मी सगळे पेट्रोल एका बरणीत ओतले, तिन्ही तुकडे तिच्यात सोडले, आणि दोन बरण्या स्वच्छ धुऊन उन्हात पालथ्या घातल्या. मनाला फार समाधान वाटले. दुसऱ्या दिवशी पाहते तो बरणीत काळा काढा. रबराने रंग सोडला होता, तो पारदर्शक नळीने पिऊन घेतला होता, आणि आता कोण कशाने मऊ आणि कोण कशाने ताठ हे सांगायला देव जरी आला असता तरी त्याने वही मागितली असती. तिघींचे अंघोळीचे पाणी मी एक करून टाकले. नऊ दिवसांचा अभ्यास वाया. हे बरणीकडे बघत राहिले आणि एवढेच म्हणाले, "अगं, तुझी काटकसर माझे नऊ दिवस प्यायली." आवाजही चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता तरी आले असते.

मी त्याच दिवशी नवे तुकडे कापून नव्याने मांडले. हे म्हणाले, आता पुरे, पारदर्शक नळी बसवू, मास्तर जातील. मी म्हटले, निदान तीन आठवडे भिजू दे. हे म्हणाले, "मला माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही आणि तुला नळीवर, आपण दोघांनी मिळून काय करायचं?" मी म्हटले, "थांबायचं." त्यानंतर दोन दिवस आम्ही एकमेकांशी सासूबाईंमार्फत बोलत होतो. सासूबाई पुढच्या जागेत बसून निरोप इकडून तिकडे द्यायच्या आणि प्रत्येक निरोपात थोडी आपली भर घालायच्या, त्यामुळे शेवटी भांडण कशावरून होते तेच कळेनासे झाले.

सोळाव्या दिवशी मी रकाना भरताना पारदर्शक नळीचे उरलेले भेंडोळे खाली काढले आणि मला ते हलके लागले. मी वही उघडली. पारदर्शक नळी चार हात आणली, दोन वेळा वीत वीत कापली, हे लिहिलेले. टेप लावला तर हातभर कमी. वन्सं, नळी आपण होऊन आखडते पण इतकी नाही. मी विमानाजवळ गेले, टाकीच्या झाकणाचे स्क्रू पाहिले, त्यांच्यावरची धूळ पुसली गेली होती. मी जपाला बसले असताना काम उरकले होते.

मी ओरडले नाही. रडलेही नाही (थोडी). बरणीतला पारदर्शक तुकडा काढला, साबणाने धुतला, पुसला, वाळवला, आणि दुपारी यांचे ताट वाढले तेव्हा ताटाच्या उजव्या बाजूला, चमचा असतो तिथे, नीट ठेवला. हे जेवायला बसले आणि सवयीने तो उचलला. मग ओळखला. बोटांनी वाकवून बघितला, वाकेना. शंभर ग्रॅमच्या मापाने तो त्या दिवशी एक इंच सुद्धा खाली गेला नव्हता, पण ते मी तोंडाने सांगितले नाही, वही उघडी करून पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवली होती. यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. कट्‌ करून तुकडा तडकला आणि अर्धा जाऊन सासूबाईंच्या वाटीत पडला. सोळा दिवसांपूर्वी हाच लोणी होता. सासूबाईंनी तो बोटांनी बाहेर काढला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हे माझ्या पोराच्या विमानात आहे का?" हे ताटावरून उठले, हात धुतले, आणि शेडमधून स्क्रू काढण्याचा आवाज यायला लागला. ताट मी झाकून ठेवले. संध्याकाळी हे ते गार जेवण निमूट जेवले आणि म्हणाले, "उद्या दुकानात तूच जा."

म्हणून मी गेले. नळीवाल्याचे दुकान म्हणजे एक लांब बोळ आहे, दोन्ही बाजूंना छतापर्यंत नळ्यांची वेटोळी, आणि शेवटी अंधारात तो. मी पिशवीतून बरणी काढून त्याच्यासमोर ठेवली.

"काय हवंय ताई? गॅसची?"

"नाही. विमानाची."

त्याने बरणीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, माझ्या चपलांकडे पाहिले. "विमान कुठंय?"

"घरी आहे. उलटं व्हायचंय त्याला."

"ताई," तो फार समजुतीने म्हणाला, "घरात कोणी मोठं माणूस आहे का?"

मग मी त्याला सगळे सांगितले, तडकलेला तुकडा दाखवला, वही दाखवली. त्याचा सूर बदलला. म्हणाला, "चाळीस वर्षं नळ्या विकतोय. आतून भिजवायला नेतात, बाहेरून भिजवायला कोणी नेली नाही हो." मी त्याच्या एका नळीवर बारीक अक्षरांत छापलेले होते ते चष्मा पुसून मोठ्याने वाचले, त्यात पेट्रोल आतून चालते एवढेच लिहिले होते, बाहेरचा विषयच नव्हता. त्याने स्वतःच्या मालावरचे अक्षर पहिल्यांदाच ऐकले असावे. बराच वेळ डोके खाजवून तो शिडीवर चढला आणि अगदी वरून धुळीने भरलेले एक लहान वेटोळे घेऊन खाली आला. काही मोटारींच्या पेट्रोलच्या टाकीतच पंप बुडवून ठेवलेला असतो, त्याला जोडायची ही नळी. आत आणि बाहेर दोन्हीकडून पेट्रोलात राहण्यासाठीच केलेली. महाग, म्हणून कोणी घेत नाही. मी विचारले, वाकेल का? तो म्हणाला, "तुम्ही माझं ऐकणार आहात का भिजवूनच बघणार?" मी म्हटले भिजवूनच. तो म्हणाला, "मग वीतभर अशीच न्या. जमली तर बाकीची घ्या, आणि काय झालं ते येऊन सांगा, मलाही पुढं गिऱ्हाइकाला सांगता येईल."

राहिला प्रश्न मास्तरांचा. ते निरोप घ्यायलाच आले होते. सामान बांधून झाले होते, टोपी हातात. यांनी त्यांना तडकलेला तुकडा दिला आणि घडले ते सगळे सांगितले, चोरून नळी बसवल्याचेही (हे मला अपेक्षित नव्हते). मास्तरांनी तुकडा बोटांत फिरवून पाहिला. मग म्हणाले, त्यांच्या तरुणपणी एकदा उलटे असताना इंजिन गप्प झाले होते. कसे, ते कधी कळले नाही. खाली आले ते शेतातल्या गवताच्या गंजीवर. "कारण हे असणार वहिनी," ते म्हणाले, "आणि मी इतकी वर्षं दोष स्वतःच्या हाताला देत आलो." टोपी त्यांनी खुंटीला लावली. मुलगी कुठे पळून जात नाही, म्हणाले, नळी भिजेपर्यंत थांबतो.

चौथी नळी वेगळ्या बरणीत, भरलेल्या, आणि मी त्या बरणीला काटकसरीचा हात लावला नाही. पहिल्या दिवशी सात इंच. दहाव्या दिवशी सात. एकविसाव्या दिवशी पावणेसात, आणि तो पाव इंच टेप धरताना यांचा हात हलल्यामुळे असे मास्तरांचे मत पडले. बाहेरून ती चिकट झाली नाही, पेट्रोल काळे पडले नाही. रबरी नळी एव्हाना फुगून आपल्याच दुप्पट झाली होती. जाळीवालीचे दीडाचे दीड. तिला भिजण्याचे सुखही नाही आणि दुःखही नाही.

मग लांबीचा घोळ. नळी टाकीच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला हवी, पण इतकी लांब नको की कोपऱ्यात जाऊन अडकेल. टाकी तर पत्र्याची, आत दिसत नाही. शेवटी मी पीठ ठेवायचा प्लास्टिकचा पारदर्शक डबा काढून दिला, तो जवळपास टाकीएवढाच भरतो. आत पाणी, नळी आणि वजन, आणि बैठकीच्या खोलीत आम्ही दोघे तो डबा दोन्ही बाजूंनी धरून उलटा सुलटा करत होतो. डबा उलटला की वजन टपकन पाण्यामागे जायचे, नळी मागोमाग. बघायला फार छान वाटते, सोफा भिजला त्याचे काही नाही. पण दर चार वेळांत एकदा वजन कोपऱ्यात जाऊन बसायचे आणि तिथेच रुसून राहायचे. हे म्हणाले कोपऱ्यात पट्टी लावू. मी म्हटले वजन बदलू. सासूबाई दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, "अरे, शेपूट लांब झालंय त्याचं, बोटभर काप की." बोटभर कापली. पन्नास वेळा उलटवले, एकदाही अडकले नाही. पीठ मी सध्या पातेल्यात ठेवले आहे.

वन्सं, या सगळ्यात माझी एक गोष्ट मला खटकली, ती तुमच्याजवळच बोलते. सात वर्षे मी रोज देवापुढे बसून सांगत आले की हे विमान काही ना काही कारणाने राहू दे, यांना उडायला लावू नकोस. आणि त्याच तोंडाने गेले दोन महिने सांगत होते, नळी चांगली मिळू दे. एके दिवशी डोळे मिटल्यावर माझ्याच ध्यानात आले. विमान थांबायला हवे होते तर मला काहीच करायचे नव्हते. वही न लिहिता गप्प बसले असते, तर मास्तर निघून गेले असते, दाखला संपला असता, आणि तुमची आज्ञा किल्ली न लपवताही पाळली गेली असती. देव म्हणत असेल, बाई, दोनातले एक काय ते ठरव आणि मग ये. तेव्हापासून मी पहिले मागणे बंद केले.

मागच्या बुधवारी सकाळी मास्तरांनी विमान नेले. गावाबाहेरचे गवताचे मैदान, वारा नाही. पहिल्यांदा उलटे करायचे ते त्यांनी एकट्यानेच, असे ठरलेले. मी, हे आणि सासूबाई (घडीची खुर्ची आणि पाठीला दोन उशा घेऊन) कुंपणाजवळ. मास्तर वर गेले, एक मोठा फेरा मारला आणि सरळ जाता जाता कूस बदलावी तसे विमान पालथे केले. चाके आभाळाकडे. मी माळ हातात घेतली होती, मणी मोजत होते. इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता. पाचवा मणी, सातवा. बाराव्या मण्याला विमान पुन्हा सरळ झाले आणि आवाजात कुठे गाठ म्हणून आली नव्हती. यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. सासूबाई म्हणाल्या, "बस एवढंच? मला वाटलं जास्त वेळ राहतात." मास्तर खाली उतरले ते थेट माझ्याकडे आले आणि म्हणाले, "वहिनी, टाकीत काही आहे हे मला आठवलंसुद्धा नाही." याहून मोठी शाबासकी मला मॅट्रिकलाही मिळाली नव्हती.

त्यानंतर मास्तरांनी यांना दोनदा बरोबर घेऊन उलटे केले. यांचा हात चांगला आहे म्हणतात, पण उजळणी पक्की झाल्याशिवाय सोडणार नाहीत. तेव्हा तुमच्या तिसऱ्या गोष्टीचे उत्तर असे, की किल्ली मी लपवलेली नाही. जागच्या जागी खिळ्याला आहे. रागावू नका. नळीवाल्याला जाऊन सांगून आले, त्याने त्या नळीवर खडूने "भिजवून पाहिलेली" असे लिहिले आहे.

तुमच्याकडच्यांच्या खोकल्याचे कळवायला विसरू नका. मुलांना आशीर्वाद. पत्र वाचून झाले की गुडघा शेकायला घ्या.

तुमची,
भावजय

ता. क. उजवा पंख निघाल्यामुळे तुमची खोली पूर्ण मोकळी आहे. पलंग खिडकीकडे ओढला आहे, आणि खोली खालच्या मजल्यावरच, म्हणजे रात्री उठायला जिना नाही आणि गुडघ्याला त्रास नाही. या पंधरवड्यात आलात तर बरे होईल.

ता. क. दुसरे. पुढच्याच्या पुढच्या शनिवारी हे मास्तरांशिवाय जाणार आहेत. सासूबाईंजवळ त्या सकाळी कोणीतरी हवे, म्हणून शुक्रवारपर्यंत यावे ही खरी विनंती. मी घरी नसेन.

ता. क. तिसरे. मैदानातही नसेन. विमानाला दोन जागा आहेत. मास्तर परके, म्हणून त्यांच्या वेळी मी बारा मणी मोजू शकले. यांच्या वेळी माझ्याच्याने एकही ओढवणार नाही. आणि नळी मी निवडली आहे. तिच्या भरवशावर यांना वर पाठवायचे आणि आपण गवतात उभे राहायचे हे मला देवापुढे सांगता येत नाही. मास्तरांनी माझे वजन लिहून घेतले आहे, चालेल म्हणाले. यांना मी अजून विचारलेले नाही, कारण नाही म्हणतील. तुमचा शब्द मात्र ते लहानपणापासून मोडत नाहीत. तेव्हा वन्सं, किल्ली लपवा असे जसे तुम्ही मला बजावलेत, तसेच त्यांना चार ओळींचे एक कडक पत्र टाका, की हिला सोडून उलटा झालास तर याद राख.